झाकण

गेल्या मे महिन्यात एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आमच्या स्वयंपाकघरात बाटली फुटली. हातातून पडून नव्हे. ओट्याखालच्या कपाटात, दार बंद, आपली आपण उभी होती. ती उभ्या जागी फुटली. मानपाड्यातल्या आमच्या इमारतीत पाइपगॅस येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी स्फोट म्हटला की माणसाला आधी सिलिंडरच आठवतो. खालच्या मजल्यावरचे काका बनियनवरच जिना चढून आले आणि दारातूनच म्हणाले, "सिलिंडर?"

"नाही काका, आलं."

"कोण आलं?"

त्यांना समजावून परत पाठवायला दहा मिनिटं गेली. कपाट उघडलं तर आल्याचा घमघमाट, चिकट पाणी आणि काचा. एक तुकडा तर तूरडाळीच्या प्लास्टिकच्या डब्यात रुतून बसला होता. तो डबा बायकोने पुरावा म्हणून आठवडाभर ओट्यावर ठेवला. त्या रात्री मात्र ती एवढंच म्हणाली, "झाकण आहेस." मुंबई-ठाण्याकडे बावळट माणसाला झाकण म्हणतात. रात्री दोन वाजता तिला इतका नेमका शब्द सुचला याचं मला अजून कौतुक वाटतं, कारण चूक खरोखरच झाकणाची होती.

तेवढ्यात बाबा चष्मा लावून बाहेर आले. चरईतली त्यांची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हापासून आई-बाबा आमच्याकडेच आहेत. त्यांनी ना मला विचारलं काय झालं, ना कुणाला लागलं का म्हणून चौकशी केली. खाली वाकून काचेचा एक मोठा तुकडा उचलला, ट्यूबलाइटकडे धरला, त्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"चौकोनी बाटलीत भरलं होतंस?"

"हो."

"मग फुटणारच. गोल घ्यायची असते." आणि झोपायला गेले.

मी सत्तेचाळीस वर्षांचा. एवढ्या काळात बाबांनी बाटल्यांविषयी एक वाक्य उच्चारलेलं मला आठवत नव्हतं. नोकरी त्यांची बँकेत, ऐंशीला आले आहेत, सुपारीचंही व्यसन नाही. त्यांना हे कुठून ठाऊक? पण ते पुढे येईल. आधी माझ्याकडे बाटल्या कुठून आल्या ते सांगतो.

2011 ते 2017 मी इंग्लंडात लीड्सला होतो, कंपनीच्या कामाने. तिथला हिवाळा म्हणजे दुपारी चार वाजता अंधार आणि शनिवार-रविवार काय करायचं हा प्रश्न. शेजारी एक निवृत्त प्लंबर राहायचे. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसायची, तिथे बिअर असायची. घरी बिअर करणं तिकडे अगदी सरळ गोष्ट आहे. 1963 पर्यंत त्यालाही परवाना लागायचा, त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तो काढून टाकला. आता कुणीही करावी, घरच्यांना पाजावी, विकायची तेवढी नाही. त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं की बिअर काय, यीस्ट करतं. माणसाचं काम फक्त बादल्या धुणं.

हे शब्दशः खरं निघालं. माल्टचा म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा पाक, हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, आणि पाणी उकळायचं, गार करायचं, 23 लिटरच्या बादलीत ओतून यीस्ट टाकायचं, हे एका शनिवारी उरकतं. पुढचे दोन आठवडे बादलीच्या झाकणावरची ती पाण्याची छोटी नळी बुडबुडत बसते. घरात कुणीतरी शांतपणे हुक्का ओढत बसल्यासारखा आवाज. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि हा वायू त्या नळीतून निघून जातो. म्हणजे दोन आठवड्यांनी बादलीत जे असतं ती बिअर असते खरी, पण मेलेली. चपटी. ग्लासात ओतली तर रात्रभर उघड्या राहिलेल्या कोल्ड्रिंकसारखी गपगार. जो फेस पाहून आपण बिअरला बिअर म्हणतो, त्यातला बहुतेक गॅस दोन आठवडे आपणच खिडकीबाहेर घालवलेला असतो.

मला हे तेव्हा फार मजेशीर वाटलं होतं, कारण आपल्या घरांतही हेच चालतं. डोशाचं पीठ फुगतं ते याच वायूने. आई अजून रात्री पिठाच्या पातेल्यावर ताटली नुसती ठेवते, दाबत नाही. मे महिन्यात तर पातेलं परातीत ठेवते, कारण सकाळी पीठ बाहेर आलेलं असणार. गाजर-मोहरीची कांजी केली तर बरणीच्या तोंडाला फडकं. आंबवायला आपण कुणाला हार जाणार नाही, पण आंबणाऱ्या भांड्याला घट्ट झाकण लावायचं नाही हे प्रत्येक घरातल्या बाईला न शिकवता ठाऊक असतं. बिअरवाल्याची सगळी कला नेमकी याच्या उलटी. तो शेवटी झाकण लावतो. मुद्दाम. आणि आत थोडी साखर ठेवून लावतो.

किती साखर, हा सगळा खेळ. ढोबळ हिशेब असा: लिटरमागे 4 ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की साधारण 2 ग्रॅम वायू तयार होतो, आणि तो बाहेर काढला तर जवळपास एक लिटरभर जागा व्यापेल. याला एक आकारमान म्हणायचं. इंग्लिश एल बिअरला सव्वादोन आकारमानं पुरतात, पिल्सनरला अडीच, जर्मन गव्हाच्या बिअरला तीन-चारसुद्धा. बादलीत 20 अंशाला आंबलेल्या बिअरमध्ये पाऊण-एक आकारमान आधीच मुरलेलं असतं. उरलेल्यासाठी 23 लिटरला 130 ग्रॅमच्या आसपास साधी साखर. अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या वाट्याला चहाचा पाऊण चमचा येतो. एवढ्याशा साखरेवर बाटलीच्या तळाशी उरलेलं यीस्ट परत जागं होतं, खातं, आणि या वेळी वायूला जायला वाट नसते. तो द्रवात बसतो.

ही 130 ग्रॅम साखर पाण्यात उकळून, गार करून दुसऱ्या बादलीच्या तळाशी ओतायची आणि त्यावर बिअर नळीने हळूच उतरवायची. खळखळ अजिबात नाही. हवा शिरली की महिन्याभराने बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. मग चाळीस-पंचेचाळीस बाटल्या. आदल्या दिवशी धुतलेल्या, जंतुनाशकातून काढलेल्या, उलट्या लावून निथळलेल्या. प्रत्येकीत भरा, वर दोन बोटं जागा सोडा, पत्र्याचं बिल्ला झाकण ठेवा, दांडा दाबा. कट्ट. पुढची. हे बिल्ला झाकण बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरचं, 1892 चं पेटंट. सुरुवातीला त्याला 24 दाते होते, आज 21 असतात. गॅरेजमध्ये बसून मी मोजले आहेत. दोनशेव्या बाटलीनंतर माणूस असल्या गोष्टी मोजायला लागतो.

भरण्याआधी एक गोष्ट मात्र ते प्लंबर महाशय माझ्याकडून तीन-तीनदा करून घ्यायचे. काचेचा हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची नळी, बिअरमध्ये तरंगवून आकडा बघायचा. साखर जितकी उरलेली, तितका तो मोठा. समजा 1.012 आला. उद्या परत, परवा परत. तीन दिवस तोच आकडा आला तरच बाटली. आकडा अजून उतरत असेल तर यीस्टचं जेवण संपलेलं नाही, आणि अशा वेळी झाकण लावलं तर आपली पाऊण चमचा साखर बाजूलाच राहते, आतली जुनी साखर हिशेब करते. याला तिकडे बाटलीबॉम्ब म्हणतात, आणि हे विनोदाने म्हणत नाहीत. शँपेनच्या तळघरांत एके काळी कामगार लोखंडी मुखवटे घालून फिरायचे. एक बाटली फुटली की तिच्या काचेने शेजारची, मग तिच्या शेजारची. 1836 साली शालों गावच्या फ्रांस्वा नावाच्या औषधविक्रेत्याने वाइनमध्ये किती साखर उरली आहे ते मोजून मग किती घालायची याची रीत लिहून काढली, तेव्हा कुठे ती पडझड कमी झाली. शँपेन म्हटल्यावर लोकांना मेजवानी आठवते. मला तागडी घेऊन बसलेला तो औषधवाला आठवतो.

आणखी एक युक्ती, फुकटची: काचेच्या सगळ्या बाटल्यांबरोबर एक प्लास्टिकची कोल्ड्रिंकची बाटली भरायची. काच काही सांगत नाही. प्लास्टिक सांगतं. पहिल्या दिवशी दाबली तर बोट आत जातं, आठवड्याने ती टणक होते. माझ्या पहिल्या खेपेला पाच आठवडे झाले तरी ती मऊच. डिसेंबर महिना, माझ्या खोलीत 13-14 अंश, यीस्ट पांघरूण घेऊन झोपलेलं. शेवटी सगळ्या बाटल्या पाणी तापवायच्या बॉयलरच्या कपाटात नेऊन ठेवल्या, तेव्हा दहा दिवसांत झाल्या. पहिली उघडली तेव्हाचा तो 'फस्स'. अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदासाठी मी दोन महिने बादल्या धूत होतो.

मग माणसाचं होतं तेच माझं झालं: कंटाळा आला. पंचेचाळीस बाटल्या धुण्यापेक्षा एकच मोठी धुवावी. शेजाऱ्यांचं नाक मुरडणं सोसून मी दोन केग घेतले. कॉर्नेलियस नावाचे, स्टीलचे, उभट, प्रत्येकी 19 लिटर. मूळचे हे बिअरचे नव्हेतच. अमेरिकेत कोल्ड्रिंकवाले यातून दुकानांना सिरप पोचवायचे. पुढे खोक्यातल्या पिशव्या आल्या, हे डबे हजारोंनी भंगारात निघाले आणि घरगुती बिअरवाल्यांनी उचलले. शेजाऱ्यांचा राग वेगळ्या कारणाने होता. इंग्लंडात केग हा शब्दच वादाचा. साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी गाळलेली, मेलेली बिअर वरून गॅस मारून विकायला सुरुवात केली, त्याविरुद्ध 1971 मध्ये चार मित्रांनी कॅम्रा ही चळवळ काढली आणि पिंपात जिवंत यीस्टसकट येणाऱ्या बिअरची बाजू लावून धरली. आमचे प्लंबर त्या पिढीतले. ते म्हणायचे, बाटलीतली बिअर स्वतःचा श्वास स्वतः घेते, तुझ्या केगला व्हेंटिलेटर लागतो.

त्यांच्या वाक्याला मी हसलो, पण मला ते पटलेलं नाही, आजही नाही. यीस्टने केलेले बुडबुडे बारीक आणि सिलिंडरचे जाडे, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. वायू एकच. द्रवात शिरल्यावर तो आपलं गोत्र सांगत नाही. फरक पडतो तो तळाला बसलेल्या यीस्टच्या चवीने, आणि वाट बघितल्यामुळे आपल्याच जिभेत जो फरक पडतो त्याने.

केगचं गणित मात्र देखणं आहे. बिअर 4 अंशाला गार करा, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा रेग्युलेटर 1 बारच्या, म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढ्या दाबाच्या, जरा खाली लावा, नळी जोडा आणि विसरून जा. आठ-दहा दिवसांनी अडीच आकारमानं बसलेली असतात, जास्त नाही, कमी नाही. तेवढ्या दाबाला, तेवढ्या थंडीत तेवढाच वायू मावतो. विल्यम हेन्रीने 1803 मध्ये सांगून ठेवलेला नियम. घाई असेल तर दाब दुप्पट-अडीचपट करून केग मांडीवर आडवा घ्यायचा आणि लहान मूल झोपवल्यासारखा हलवायचा. पाच-दहा मिनिटांत काम होतं. घाई मला नेहमीच असायची. मग नळ उघडला की ग्लासभर फेस आणि तळाला दोन बोटं बिअर. ते माझ्या घाईमुळे होतं असं मी वर्षभर समजत होतो. निम्मं कारण नळी होतं. केगपासून नळापर्यंतची नळी बारीक आणि पुरेशी लांब लागते, पाच मिलिमीटरच्या आतली, दीड-दोन मीटर. तिच्यात घासत येताना दाब हळूहळू उतरतो. माझी हातभर होती. दाब नळाच्या तोंडाशी एकदम सुटायचा आणि बिअर उधळायची.

लीड्सच्या सिटी स्क्वेअरमध्ये जोसेफ प्रिस्टलीचा पुतळा आहे, शेजारच्या मिल हिल चॅपेलचा तो धर्मोपदेशक. मी रोज त्याच्यासमोरून स्टेशनला जायचो आणि त्याचा-माझा काही संबंध असेल असं कित्येक महिने डोक्यात आलं नाही. हा माणूस 1767 मध्ये लीड्सला आला तो एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहायला. आंबणाऱ्या पिंपांवर हवेचा एक जड थर तरंगतो, त्यात पेटती काडी धरली की विझते, हे त्याने पाहिलं. मग त्या थरात धरून तो पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहिला. पाण्याला किंचित आंबट, झिणझिण्या आणणारी चव आली. माणसाने केलेला हा पहिला सोडा. 1772 मध्ये त्याने कृती छापली, पुढल्या वर्षी रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं, आणि पैसे मात्र श्वेप नावाच्या जिनिव्हाच्या घड्याळजीने केले. म्हणजे सोड्याचं माहेर बिअरचं पिंप. ही गोष्ट मी इथे परत आल्यावर दहा जणांना तरी सांगितली असेन. कुणाला विशेष वाटलं नाही. बाबांना वाटलं, पण ते मला त्या मे महिन्यात कळलं.

2017 ला परतलो. सामान बोटीने न्हावा-शेवाला उतरलं. त्यात हे दोन केग. तपासणाऱ्या साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, सोड्याचे डबे. जन्माच्या हिशेबाने ते खरंच होतं. बिअर इथे करायची नाही हे विमानात बसण्याआधीच ठरलेलं. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने चालतो. परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे, आणि कागदावर तर प्यायलाही परवाना लागतो. कायद्याविषयी माझं जे मत आहे ते आहे, पण सोसायटीच्या वार्षिक सभेत 'बी विंगमध्ये दारूची भट्टी' हा विषय निघावा एवढी माझी बिअरवर श्रद्धा नाही. केग माळ्यावर गेले. बायको दर दिवाळीला त्यांच्याकडे बघून भंगारवाल्याचा नंबर शोधायची. तो एकदा येऊनही गेला. वाजवून बघून म्हणाला, "स्टील चांगलंय साहेब, कशाचं आहे?" मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

हात मात्र स्वस्थ बसेनात, म्हणून आल्याकडे वळलो. जांभळी नाक्यावरून सातारी आलं आणायचं, सालासकट चिरायचं, साखर आणि पाणी घालून बरणीत ठेवायचं, रोज चमचा-चमचा आलं-साखर भरवायची. सालीवरचं यीस्ट आणि जिवाणू कामाला लागतात. मी त्याला आल्याचं विरजण म्हणतो. लीड्सला जे आठवड्यात जेमतेम बुडबुडलं असतं, ते ठाण्यात तिसऱ्या दिवशी फसफसून वर येतं. हे विरजण आल्याच्या गोड काढ्यात गार झाल्यावर मिसळायचं, लिंबू पिळायचं, बाटल्या भरायच्या, एक दिवस बाहेर, मग थेट फ्रिजमध्ये. इतक्यात फारसं आंबत नाही. अजिबात नाही असं म्हणणार नाही, पण डोसा खाऊन जेवढी चढते तेवढीच चढते.

थेट फ्रिजमध्ये. हीच तर ग्यानबाची मेख. बिअरमध्ये साखर संपलेली असते आणि आपण मोजून परत घालतो. आल्यात साखर गोडीसाठी राहूच द्यायची असते, लिटरमागे 60 ग्रॅम. यीस्टला ताट भरलेलं. त्याला थांबवणारा एकटा फ्रिज. त्या शनिवारी मी बाटल्या भरल्या, ओट्याखाली ठेवल्या, रविवारी डोंबिवलीला मेव्हणीच्या मुलाचं लग्न, सोमवारी त्याचीच पूजा, मंगळवारी ऑफिस. बाटल्या डोक्यातूनच गेल्या. यीस्टने पाचवा हिस्सा साखर खाल्ली असेल तरी लिटरमागे 6 ग्रॅम वायू. पाणी 0 अंशाला लिटरमागे सव्वातीन-साडेतीन ग्रॅम वायू सुखाने धरून ठेवतं, 20 अंशाला 1.7, आणि 30 अंशाला उणेपुरे सव्वा ग्रॅम. म्हणजे जी बाटली फ्रिजमध्ये 1 बारच्या आसपास दाब घेऊन गुमान बसली असती, तीच मे महिन्यात ओट्याखाली पावणेचार बारवर गेली. त्यात बाटली चौकोनी. एका मोठ्या दुकानातून शोभेच्या म्हणून आणलेल्या, तारेच्या बुचाच्या, दिसायला फार सुंदर. गोल बाटलीचा पृष्ठभाग सगळीकडून सारखा ताणला जातो. चौकोनीच्या सपाट बाजू फुगायला बघतात आणि सगळा ताण कोपऱ्यांवर येतो. हे मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पेपरात लिहून मार्क मिळवले आहेत.

बाबांनी तो पेपर दिला नव्हता. सकाळी चहाला विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मामांच्या कारखान्यात मे महिना काढलेत मी."

बाबांच्या मामांचा, म्हणजे आमच्या मामाआजोबांचा, जांभळी नाक्याजवळच्या गल्लीत सोड्याचा कारखाना होता एवढं मला ऐकून माहीत होतं. कारखाना म्हणजे चाळीतल्या तळमजल्याच्या दोन खोल्या. पण बाबा सातवीत असल्यापासून दर सुट्टीत तिथे कामाला जायचे, हे पन्नास वर्षांत कधी निघालंच नाही. "त्यात काय सांगायचं? बाटल्या धुवायचो." धुवायच्या त्या गोटीच्या. हिरवट जाड काच, मानेत चिमटा काढल्यासारखी खाच, आत काचेची गोटी, तोंडाशी रबराची रिंग. हायरम कॉड या इंग्रजाची ही बाटली, 1872 च्या सुमाराची. तिकडे ती संग्रहालयात गेली, इकडे अजून गाडीवर मिळते. तिला झाकण नाहीच. आतला वायू गोटीला रिंगेवर दाबून धरतो. जे कोंडायचं तेच कुलूप.

बाबा सांगत गेले तसा मी चहा विसरलो. लाकडी चौकटीत चार बाटल्या अडकवायच्या, गॅसची नळी लावायची, वरून लोखंडी झाकण, त्यावर ओलं पोतं. मग दांडा धरून चौकट गरागरा फिरवायची. पंधरा-वीस फेरे. शेवटी बाटल्या उलट्या असताना थांबवायचं, गोटी रिंगेवर येऊन 'टक्' बसते, मग नळी सोडायची. म्हणजे मी लीड्सच्या गॅरेजमध्ये केग मांडीवर घेऊन हलवत होतो ते हेच. तिकडे मला ते इंग्रजी पुस्तकांतून शिकावं लागलं.

"मामा पिंपात आधी बर्फाची लादी टाकायचे," बाबा म्हणाले. "गरम पाण्यात ग्यास बसत नाही." हेन्री बिचारा.

"आणि बाटली भरायच्या आधी वाजवायची." त्यांनी खिशातून रुपया काढून चहाच्या कपावर हलकेच मारला. "खणखणीत वाजली तर भरायची. बद्द वाजली तर बाजूला. केस गेलेला डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतो." बद्द हा शब्द मी आजीच्या तोंडी ऐकला होता, माठ विकत घेताना. एका मुलाचा डोळा गेला होता म्हणे, बाबांच्या आधीच्या सुट्टीत. त्यानंतर मामा स्वतः प्रत्येक बाटली वाजवायचे. शहरात कुठे तणाव असला की पोलीस येऊन माल आत ठेवायला सांगायचे, कारण त्या काळी दंगल म्हटली की सोडावॉटरच्या बाटल्या आल्याच. बाबांना यातलं सगळं आठवत होतं, फक्त मामांनी कारखाना कोणत्या साली विकला ते नाही. "बंद झाला," एवढंच म्हणाले.

आपण सोडा उघडत नाही, फोडतो. "एक लिंबूसोडा फोड रे." इतकी वर्षं मी हे वाक्य बोलतोय.

त्या रविवारी बाबांनीच माळ्यावरचे केग खाली काढायला लावले. आईने "आता दोघं मिळून करा काय ते" म्हणून देवघराकडे मोर्चा वळवला. रबराच्या रिंगा वाळून कडक झाल्या होत्या, त्या नव्या घातल्या. सिलिंडरसाठी वागळे इस्टेटमधल्या एका गॅसवाल्याकडे गेलो. खाण्यापिण्याच्या दर्जाचाच वायू हवा म्हणून मी दोनदा बजावलं. त्याने जोडणी करून काटा दाखवला, "बघा, फुल्ल." मी मान डोलावली. बाबा म्हणाले, "वजन करा."

बरोबर होतं त्यांचं. सिलिंडरमध्ये हा वायू द्रव होऊन बसलेला असतो आणि द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत काटा जागचा हलत नाही. निम्मा सिलिंडरही भरल्यासारखाच दिसतो. त्यात आपला उन्हाळा. 31 अंशाच्या वर गेलं की कार्बन डायऑक्साइडचं द्रवपणच संपतं, आत जे असतं ते ना धड द्रव, ना धड वायू. मेच्या दुपारी घोडबंदर रोडवर गाडीच्या डिकीत मी काय घेऊन चाललो होतो याला मराठीत शब्द नसावा. गॅसवाल्याने निमूटपणे काट्यावर चढवला. दीड किलो कमी भरला. बाबांनी विजयी मुद्रा वगैरे केली नाही, नुसते खिडकीबाहेर बघत बसले. सिलिंडर आम्ही बाल्कनीत ठेवतो. गळला तर हा वायू जमिनीलगत साचतो, बंद खोलीत माणसाला झोपेतच घेऊन जाईल, हे बायकोला मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

आता आमच्याकडे दोन्ही चालतं. आलं बाटलीत, गोल बाटलीत, भंगारवाल्याकडून निवडून आणलेल्या जाड तपकिरी. प्रत्येक खेपेला एक प्लास्टिकची. ती मुलगी शाळेत जाताना दाबून बघते आणि "झाली रे टणक" म्हणून ओरडते, की मी सगळ्या फ्रिजमध्ये टाकतो. आणि केगमध्ये साधं पाणी, त्याचा सोडा. त्याला बिअरपेक्षा जास्त दाब लागतो, अडीच बारपर्यंत. नळी या वेळी लांब घेतली आहे. बर्फाच्या लाद्या मिळतात, पण केग उभा राहील एवढं पिंप घरात नाही, म्हणून मुलीच्या लहानपणीच्या आंघोळीच्या टबात बर्फ.

गणपतीत आरतीनंतर पंचवीस माणसांना त्या सोड्यात कोकम दिलं. बिनगाळलेलं, रत्नागिरीहून आलेलं आगळ, साखर, जिरेपूड, किंचित सैंधव. लोकांनी दोन-दोनदा मागितलं. खालच्या मजल्यावरचे काका तिसरा ग्लास घेऊन मला म्हणाले, "तुमचं ते आलं बंद केलं ना पण?" बाबांचा ग्लास मी सगळ्यात शेवटी नेऊन दिला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला.

"ग्यास कमी बसलाय. पाणी गार नव्हतं."

मग ग्लास रिकामा करून उठले, टबाशी गेले, खिशातून रुपया काढला आणि केगच्या पोटावर दोनदा वाजवून कान लावला. स्टीलला तडा कसा जाणार, मी म्हणणार होतो.

"बद्द नाही," ते म्हणाले, आणि ग्लास नळाखाली धरला.